पर्याय ड : गुरुजी

जिल्हा परिषदेच्या शाळेत 'तंत्रस्नेही शिक्षक' ही पदवी मिळवायला कुठली परीक्षा द्यावी लागत नाही. ती अंगावर पडते. माझ्या अंगावर पडली ती तालुक्याच्या एका प्रशिक्षणात. प्रोजेक्टर चालू होईना, सुलभक घामाघूम, समोर बसलेले शिक्षक मात्र निवांत. मी पाणी प्यायला उठलो, पायात वायर अडकली, आणि पडद्यावर चित्र उमटलं. टाळ्या पडल्या. तेव्हापासून केंद्रात कुणी पासवर्ड विसरला, कुणाच्या फोनवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसायला लागले, की लोक माझ्याकडे येतात. मी गंभीर चेहरा करून "रिस्टार्ट करून बघा" म्हणतो. कधीकधी त्यानं काम होतं. नाही झालं तर लोक आपल्या फोनला नावं ठेवतात, मला नाही.

या पुण्याईवर केंद्रप्रमुखांनी फर्मान काढलं. पुढच्या शिक्षण परिषदेत मी 'शिक्षक व विद्यार्थ्यांसाठी उपयुक्त शैक्षणिक ॲप्स' या विषयावर सादरीकरण करायचं. "पंचवीसेक चांगली ॲप्स दाखवा म्हणजे झालं. तुमच्या तर डाव्या हातचा मळ," ते म्हणाले.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा बायको गवार मोडत होती. आमच्या सोलापूर जिल्ह्यातला शिक्षक असला की त्याच्या बायकोला एक गोष्ट तोंडपाठ असते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, आणि २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं. दहा लाख डॉलर, तेव्हाच्या भावानं सात कोटींच्या वर. "ते पण झेडपीचेच," बायको म्हणाली. मी तिला आठवण करून दिली, की त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली होती.

"तुमचं तेवढं वाटायचं आधीच झालंय," ती म्हणाली. शाळेच्या टीव्हीच्या लोकवर्गणीत कमी पडलेले पैसे मी पदरचे घातले होते, ते ती विसरलेली नव्हती.

जेवण झाल्यावर मी फोन घेऊन ओसरीत बसलो आणि ॲपच्या बाजारात 'मराठी शिक्षण' असं टाकलं. बाजार खरोखरच मोठा निघाला. अननस आणि आईची चित्रं असलेली बाराखडीची ॲप्स तर इतकी, की महाराष्ट्रात मुलांपेक्षा मुळाक्षरंच जास्त आहेत की काय असं वाटावं. त्यांच्या मधूनमधून राशिभविष्य, सातबारा आणि पाच मिनिटांत कर्ज. मी पाढ्यांचं एक ॲप उतरवलं आणि दुसरीतल्या पुतण्याच्या हातात दिलं. सतराचा पाढा निम्म्यावर आला आणि पडद्यावर सुटाबुटातला एक माणूस येऊन रमी खेळायला बोलवू लागला. त्याला घालवायची फुली कोपऱ्यात मोहरीएवढी होती, तीही पोराच्या बोटाला सापडेना. तासाभरानं पुतण्याला सतराचा पाढा येत नव्हता, पण तेरा पानं हातात कशी धरायची हे त्यानं मला दाखवलं.

त्या ॲपला आधी काय काय परवानग्या दिल्या होत्या ते मग बघितलं. माझे सगळे संपर्क, माझा ठावठिकाणा, शिवाय माइक. सतराच्या पाढ्याला मी कुठं आहे हे कशाला हवं? मी शाळेत असलो काय, रानात असलो काय, उत्तर तेच येणार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लिहिलंय, की अठराच्या आतल्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते, आणि मुलांवर नेम धरून जाहिराती दाखवता येत नाहीत. कायदा चांगला आहे. पण त्याच्यासाठी ॲपला आधी कळायला हवं, की फोन धरणारा दुसरीत आहे. फोन माझ्या नावावर, वय माझं, आणि माझ्या वयाच्या माणसानं रमी खेळायला हरकत काय असं कुणा यंत्राला वाटलं असेल तर मी त्याला दोष देणार नाही.

दुसऱ्या एका भारी दिसणाऱ्या ॲपला मी खरा नंबर दिला. सकाळी परिपाठाला उभा असताना फोन आला. गोड आवाजातल्या एक ताई म्हणाल्या, "सर, तुमच्या मुलाच्या भविष्याबद्दल बोलायचं होतं. मुलं किती आहेत आपल्याला?"

समोर राष्ट्रगीताला रांगा लागलेल्या. मी म्हणालो, "बेचाळीस."

पलीकडे शांतता. मग कागद चाळल्याचा आवाज. "सर, दोनपेक्षा जास्त असतील तर आपल्याकडे सवलत आहे." त्या ताईंचा फोन नंतर येतच राहिला. कधी अर्ध्या किमतीत, कधी हप्त्यावर. शेवटी मी सांगितलं, की मुलांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, दिवाळीनंतर निघाले ते गुढीपाडव्याच्या आसपास परततील, तेव्हा विचारा. हे खोटं नव्हतं. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत अगदी खरं होतं. माझं भविष्य मात्र तेवढ्यावर सुटलं.

तोवर फोननं जागा संपल्याचं कळवलं. काय काढता येईल म्हणून बघायला लागलो, तर काढण्यासारखं काहीच नाही. हजेरीचं ॲप, पोषण आहाराचा रोजचा हिशोब भरायचं ॲप, प्रशिक्षणाचं ॲप, कुठल्याशा सर्वेक्षणाचं ॲप, आणि मी बीएलओ असल्यामुळे मतदार यादीचं ॲप. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, आणि ते सगळे मी हजेरीपटाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेले. माझ्या फोनमध्ये गाव किती जेवलं, किती शिकलं, किती वारलं आणि किती मतदान करील, सगळं आहे. शिकवायला म्हणून एक ॲप टाकायचं तर तेवढीच जागा नाही. शेवटी मेहुण्याच्या लग्नाचा व्हिडिओ पुसला. बायकोनं विचारलंच तर सांगायचं, फोन हँग झाला होता. तंत्रस्नेही माणसाच्या बोलण्यावर कुणी शंका घेत नाही.

माझ्या बाजूनं एक सांगतो. या सगळ्यात मला काहीच चांगलं सापडलं नाही असं नाही. पहिल्यांदा मी घरचंच बघितलं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागे असलेलं 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ च्या सप्टेंबरात सुरू झालं. पुस्तकातल्या चौकोनावर फोन धरायचा, त्या पाठाचं चित्र, चलच्चित्र, प्रश्न समोर येतात. त्यात ना रमी, ना ताईंचा फोन. मी वर्गाच्या टीव्हीला फोन जोडला, विज्ञानाच्या पुस्तकावर धरला, चित्र झकास आलं. मुलं डोळे विस्फारून बघतायत, मी काठीनं मूत्रपिंड दाखवतोय, आणि पडद्याच्या वरच्या अंगाला एक पट्टी सरकत खाली आली : 'येताना गवार आणा. कालच्यासारखी जून नको.'

वाचन चांगलं असलेला वर्ग हे आमच्या शाळेचं भूषण आहे. सगळ्यांनी एका सुरात, विरामचिन्हं सांभाळून वाचलं. पट्टी जाते न जाते तोच दुसरी आली : 'आणि माझ्या भावाच्या लग्नाचा व्हिडिओ आईला पाठवा.' हेही वाचलं. मग एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, जून म्हणजे काय, महिना का?" मी काठी खाली ठेवली आणि मूत्रपिंड सोडून गवारीचा पाठ घेतला. त्या दिवसापासून टीव्हीला जोडण्याआधी मी फोन विमानात बसवतो.

पडद्यावर विज्ञानाचे प्रयोग करून बघायचं 'फेट' (PhET) हे मला दुसरं सापडलं. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या शाखेत कार्ल वायमन यांनी ते २००२ साली सुरू केलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. बक्षीस मिळाल्यावर माणूस शाळेच्या पोरांसाठी बॅटरी आणि बल्बची चित्रं काढायला बसतो, हे मी बायकोला सांगितलं नाही, कारण तिनं पुन्हा रकमेची चौकशी केली असती. त्यातले बरेच प्रयोग मराठीतही आहेत आणि सगळे फुकट. विद्युत परिपथ जोडायच्या प्रयोगात तारा, बल्ब, बॅटरी, स्विच हवे तसे जोडता येतात. नीट जोडलं तर बल्ब लागतो. मध्ये काहीच न ठेवता बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेनं जोडली, की पडद्यावर आग लागते.

वर्गातल्या सर्व गटांनी सर्वप्रथम हेच शोधून काढलं. मी बल्ब लावा म्हणतोय आणि बेचाळीस मुलं आग लावतायत. मुख्याध्यापिका बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय चाललंय?" पुढच्या बाकावरच्या पोरानं अभिमानानं सांगितलं, "बाई, गुरुजींनी आग लावायला शिकवलं." मी रोध कमी झाला की प्रवाह वाढतो, वगैरे समजावू लागलो. बाईंनी शांतपणे शाळेची अग्निशामक नळकांडी कुठं आहे ते विचारलं. ती कुठं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मग तिचा शोध लागला, ती पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यामागे निघाली, आणि तिची मुदत केव्हाच संपलेली होती. एका ॲपनं शाळेला झालेला हा पहिला प्रत्यक्ष फायदा. सादरीकरणात मी तो सांगितला नाही.

खरी मजा आली ती प्लिकर्समुळे. यात मुलांना फोन लागत नाही, म्हणून मला ते आवडलं. आमच्याकडे मुलांच्या हातात फोन द्यायचा म्हणजे आधी घरातल्या मोठ्या माणसाच्या हातातून काढून घ्यायचा. इथं प्रत्येक मुलाला कागदाचं एक कार्ड मिळतं, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी. चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी लिहिलेलं. आम्ही अ, ब, क, ड म्हणायचो. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. गुरुजी आपला एक फोन वर्गावरून फिरवतात आणि कुणी काय उत्तर दिलं ते फोनला कळतं. शेजाऱ्याच्या कार्डाची नक्षी वेगळी, त्यामुळे बघून लिहायची सोय नाही. हुशार पोराकडे बघून हात वर करणारी आमची मागची रांग या एका गोष्टीनं हवालदिल झाली.

कार्डं एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून काढली. कागद लवतो म्हणून मागे जुन्या लग्नपत्रिका चिकटवल्या. मुलं कार्ड वर धरायची तेव्हा माझ्या बाजूला प्रश्नांची उत्तरं, त्यांच्या बाजूला 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. एका कार्डाला धाकट्या भावानं चावा घेतला होता, तर फोन त्या मुलीला ओळखेना. पंखा नसल्यामुळे निम्मी कार्डं उत्तर देताना वारा घेत होती. सगळे नीट बसले तेव्हा मी प्रश्न टाकला : एकाच उंचीवरून लोखंडी वजन आणि काचेची गोटी एकदम सोडली तर आधी काय पडेल? अ, वजन. ब, गोटी. क, दोन्ही बरोबर. चौथी जागा रिकामी राहते म्हणून जरा गंमत केली. ड, गुरुजी.

फोन फिरवला. बहुतेकांनी अ दिलेलं. क देणारे थोडे. आणि मागच्या रांगेत, जिथं नक्कल बंद झाली होती, तिथं एकमुखानं ड.

आता खरं उत्तर प्रयोगानंच द्यायचं असा चंग बांधला. त्यासाठी फायफॉक्स. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात हे ॲप तयार झालं, २०१६ मध्ये लोकांसाठी आलं. आपल्या फोनमध्ये हलण्याचं, आवाजाचं, प्रकाशाचं मापन करणारी जी बारीक यंत्रं बसवलेली असतात आणि जी आपण 'गुड मॉर्निंग'ची फुलं पाठवायला वापरतो, त्यांना हे ॲप कामाला लावतं. त्यात एक घड्याळ असं आहे, की पहिल्या आवाजाला सुरू होतं आणि दुसऱ्या आवाजाला थांबतं. पोरांनी त्याचं नाव ठेवलं टाळीचं घड्याळ.

टेबलाच्या कडेला लाकडी पट्टी पुढे काढून ठेवली, पट्टीवर वजन. खाली फरशीवर पोषण आहाराचं स्टीलचं ताट. ताटापासून पट्टीपर्यंत बरोबर एक मीटर. दुसऱ्या पट्टीनं पहिलीला फटका मारायचा, म्हणजे खट्. वजन निसटून ताटात, म्हणजे ठण्ण. खट् ते ठण्ण यातला वेळ फोन सांगणार. हिशोबानं तो पंचेचाळीस शतांश सेकंद यायला हवा. मी हे फळ्यावर आधीच लिहून ठेवलं, जे लिहायला नको होतं.

पहिलं उत्तर आलं ते फारच कमी. कुणीतरी शिंकलं होतं. पुढचं आलं एकोणीस सेकंद, कारण वजन ताटात न पडता माझ्या चपलेत पडलं, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते नेमकं घड्याळाला ऐकू गेलं नाही. मग बाहेर भंगारवाल्याचा कर्णा. मग शेजारच्या गोठ्यातली म्हैस, जी पोरांच्या मते मुद्दाम खट् झालं की हंबरत होती. मी म्हशीच्या मालकाकडे माणूस पाठवला. मालकानं उलट निरोप धाडला, म्हैस व्यायला झालीय, तिला शाळेच्या वेळा पाळता येणार नाहीत. एवढं झाल्यावर एका मुलीनं फोन हातात घेतला, ॲपमध्ये इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "गुरुजी, बारका आवाज ऐकू नको, असं यात सांगता येतंय." ती सोय पहिल्याच पडद्यावर होती. तिनं आकडा वाढवला, खट् झालं, ठण्ण झालं, आणि फोनवर शेहेचाळीस शतांश उमटले. मग गोटी. तीही शेहेचाळीस. मागच्या रांगेतून आवाज आला, "मग गुरुजी टाकून बघायचं का?"

"एकदा करून चालत नाही," मी विषय बदलत म्हणालो. "शास्त्रात प्रत्येक गोष्ट परत परत करून बघायची. दहा-दहादा. वेगवेगळ्या वस्तू घेऊन." हे वाक्य मी फार जोरात म्हणालो, असं आता वाटतं.

शिक्षण परिषदेच्या दिवशी केंद्रशाळेत वीज नव्हती. प्रोजेक्टरच्या वायरीत मी दोनदा पाय अडकवून बघितला, उपयोग झाला नाही. तोंडीच सांगायला सुरुवात केली. ॲपला आधी पोराचं नाव, बापाचा नंबर हवा असेल तर ते सोडून द्या, म्हणालो. मध्ये जाहिरात येत असेल तर सोडा, चालायला रोज रेंज लागत असेल तरी सोडा. वर्गात एकच फोन असला तरी सगळ्या मुलांच्या हाताला काम लागत असेल तर ते ठेवा. या चाळणीतून माझ्याकडे चार-पाच नावं खाली आली होती, ती सांगितली. केंद्रप्रमुखांचा चेहरा उतरला. "एवढीच? शेजारच्या केंद्रात एकानं साठ दाखवली म्हणे."

प्रश्नोत्तरांत एकच प्रश्न आला. मागे बसलेल्या मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "सर, वर्णनात्मक नोंदी तयार करून देणारं काही आहे का? नाव टाकलं की 'परिपाठात उत्साहाने सहभागी होतो' असं आपोआप आलं पाहिजे." सगळी सभा ताठ झाली, वह्या निघाल्या. माझ्याकडे गेल्या वर्षीची एक पीडीएफ होती, तीत शंभरावर तयार वाक्यं. ती मी ग्रुपवर टाकली, आणि वायरीनंतर प्रथमच टाळ्या पडल्या. सभेच्या इतिवृत्तात 'पंचवीस शैक्षणिक ॲप्सचे प्रभावी सादरीकरण' असं आधीच टाइप झालेलं होतं. ती यादी सोबत जोडायची म्हणून मी रात्री बसून पंचवीस पुरी केली. त्यात कॅल्क्युलेटर आहे, गजर आहे, सोळाव्या क्रमांकाला बॅटरी आहे, म्हणजे अंधारात लावायची ती.

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटली तेव्हा फाटकात सातवीतल्या एका पोराचे वडील उभे होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात काही नाही. रिकाम्या हातानं आलेला पालक बघितला की माझ्या पोटात गोळा येतो.

"गुरुजी, आमच्या पोरानं काल माळवदावरनं एक नारळ आन् एक अंडं संगं सोडलं," ते म्हणाले. "दोनी बरूबर पडलं म्हनून नाचाय लागलंय."

"वा!" मी म्हणालो. मला खरोखरच आनंद झाला होता.

"वा नव्हं. तुमीच सांगितलंय म्हनं, एकदा करून चालत न्हाई. खुडूक कोंबडीखालची सात अंडी गेली. आठव्याला आमची म्हातारी उठली म्हनून वाचलं."

मी खिशातून फोन काढला. अंड्यांचे पैसे लगेच पाठवतो, म्हणालो, नंबर सांगा.

"रोख द्या," ते म्हणाले. "फोन पोराकडं हाय. त्येच्या म्हनन्यानं अजून तीन रीडिंग ऱ्हायलीत."